हिवाळ्यात पिकणारी लाल द्राक्षे : सोलापूरच्या वाइनची पूर्वपीठिका

फिकट माणकासारखा रंग, ठसठशीत आम्लता आणि बेताचा मद्यांश या गुणांसाठी नावाजलेल्या लाल वाइनपैकी बऱ्याच वाइनचा जन्म थंड समुद्राच्या काठी झालेला आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत कॅलिफोर्निया प्रवाह, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत हम्बोल्ट प्रवाह आणि आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला बेंग्वेला प्रवाह असे थंड पाण्याचे तीन मोठे ओघ वाहतात. त्यांच्यावरून येणारा वारा आणि धुके किनाऱ्यामागच्या दऱ्यांत शिरते, सकाळचे ऊन अडवून धरते आणि एरवी रखरखीत झाले असते अशा प्रदेशांत द्राक्ष सावकाश पिकू देते. कॅलिफोर्नियातील सोनोमा कोस्ट हा असा प्रदेश असून वाइनचे स्वतंत्र क्षेत्र म्हणून त्याला 1987 मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. चिलीच्या कासाब्लांका खोऱ्यात 1980 च्या दशकात द्राक्षमळे उभे राहिले, तर दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील वॉकर उपसागराच्या परिसरात त्याआधीच, 1975 च्या सुमारास, ही लागवड सुरू झाली होती. या प्रदेशांची ख्याती ज्या लाल वाइनवर उभी आहे ती मुख्यतः पिनो न्वार या मूळच्या फ्रेंच जातीची; पातळ सालीची ही नाजूक जात उन्हाचा अतिरेक मुळीच सोसत नाही.

गारव्याला एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी द्राक्षाच्या मण्यात पिकताना काय घडते ते पाहावे लागते. मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे तो मऊ पडून रंग धरू लागला, की एकाच वेळी तीन घडामोडी चालू होतात : ऊन आणि पाने यांच्या जोरावर साखर साठत जाते, सालीत रंगद्रव्ये व टॅनिन पक्व होतात, आणि गरातील आम्ल घटत जाते. टॅनिन म्हणजे कच्च्या सुपारीने जीभ आवळते तशी आवळणारे तुरट द्रव्य, आणि लाल वाइनचा कणा त्याच्यावरच उभा असतो. या तीन घडामोडींचा वेग सारखा नसतो. उष्ण हवेत साखर पुढे धावते, रात्रीही उबदार राहिल्यास मॅलिक आम्ल वेलीच्या श्वसनातच खर्ची पडते, आणि साल मात्र मागे राहते. अशा द्राक्षाची वाइन कडक, जड व बेचव होते, कारण आंबवणीत जेवढी साखर तेवढा मद्यांश, आणि त्याला तोलून धरणारी आम्लता उरलेली नसते. थंड किनारा हा वेगांमधला फरक कमी करतो. त्याची सारी किमया एवढीच आहे, आणि ती समुद्राचीच असली पाहिजे असे मुळीच नाही.

महाराष्ट्राला सुमारे सातशे किलोमीटरचा किनारा असूनही त्यावर वाइनचा एकही मळा का नाही, याचेही उत्तर येथेच मिळते. अरबी समुद्राचे पाणी उबदार आहे. त्यावरून येणारा वारा गारवा न आणता दमटपणा आणतो, आणि कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडणारा अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस वेलीवर केवडा आणि करपा या बुरशीजन्य रोगांचे राज्य बसवतो. गोव्याची पोर्ट वाइन हे किनाऱ्यावरच्या लाल वाइनचे आपल्याकडचे सर्वांत परिचित उदाहरण, पण तिचा किनाऱ्याशी असलेला संबंध व्यापाराचा आणि पोर्तुगीज चवीचा आहे, शेतीचा नाही. गोव्यात बनणाऱ्या या गोड लाल वाइनसाठी लागणारी द्राक्षे घाटावरून, विशेषतः कर्नाटकातील बंगलोर ब्लू या जातीच्या मळ्यांतून, खाली उतरत आली आहेत. द्राक्षापुरता विचार केला तर महाराष्ट्र-गोव्याचा किनारा पठारावरच अवलंबून आहे.

त्या पठारावरही सोलापूर हा जिल्हा वाइनच्या दृष्टीने अगदी प्रतिकूल दिसावा असा आहे. तो सुमारे साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रापासून अडीच-तीनशे किलोमीटर आत आणि समुद्रसपाटीपासून केवळ साडेचारशे-पाचशे मीटर उंचीवर वसलेला आहे. येथे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे पाऊस बेभरवशाचा असतो. युरोपातील बहुतेक सारी जुनी द्राक्षक्षेत्रे तीस ते पन्नास अंशांच्या पट्ट्यात येतात, आणि वाइनवरील जुन्या पाठ्यग्रंथांनी हाच पट्टा द्राक्षवेलीची नैसर्गिक सीमा मानला होता. तरीही याच जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळच्या माळांवर, इटलीच्या टस्कनी प्रांतातील सांजोव्हेजे ही जात लावली गेली आणि तिची लाल वाइन देशाबाहेरही चाखली जाऊ लागली. या घटनेचे श्रेय सहसा 2006 नंतरच्या इटालियन भागीदारीला देऊन विषय संपवला जातो. तो तेथे संपत नाही, कारण ती भागीदारी ज्या पायावर उभी राहिली तो पाया म्हणजे दख्खनच्या बागाइतदारांची छाटणीची जुनी रीत, आणि ती वाइनहून कितीतरी आधीची आहे.

समशीतोष्ण प्रदेशात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते, वसंतात फुटते आणि शरदाच्या तोंडावर फळ देते. वर्षाचे हे वेळापत्रक थंडी ठरवते. दख्खनमध्ये वेलीला झोपवील अशी थंडीच पडत नाही. छाटणी केली नाही तर ती बारमाही हिरवी राहते, शेंड्याकडे वाढत सुटते आणि फळ दिलेच तर अवेळी व आंबट देते. म्हणून येथील बागाइतदार वर्षातून दोनदा कात्री चालवतो. फळ उतरवल्यानंतर एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीत जुन्या काड्या एखाद-दुसरा डोळा ठेवून मुळापाशी कापल्या जातात. मग उन्हाळ्याच्या प्रखर उजेडात जी नवी फूट येते तिच्या डोळ्यांत पुढच्या पिकाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात, या क्रियेला बागाइतदार सूक्ष्मघड निर्मिती म्हणतात. पावसाळाभर त्या काड्या पक्व होत राहतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या गोड्या बहाराच्या छाटणीनंतर त्या डोळ्यांतून फळ बाहेर पडते. ते थंडीत वाढते आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान हाताशी येते. याचा अर्थ असा की दख्खनमध्ये द्राक्षाचा ऋतू निसर्गाने दिलेला नाही, तो छाटणीच्या तारखेने ठरवला जातो. सोनोमाला समुद्रावरून मिळणारा गारवा सोलापूरने पंचांगातून काढला आहे.

या रीतीची पाळेमुळे बरीच खोल आहेत. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात दौलताबादला आला तेव्हा तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले. मुहंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा तिच्यामागोमाग आलेल्या इराणी-तुर्की अभिरुचीच्या लोकांनी द्राक्षबागांना उत्तेजन दिले असावे, हा तर्क इतिहासाला धरून आहे. मात्र दोन बहारांची युक्ती त्यांनी सोबत आणली असण्याचा संभव नाही, कारण त्यांच्या मूळ प्रदेशात तिची गरजच नव्हती. ती येथल्या माळ्यांनी येथल्या हवेत शोधलेली असली पाहिजे. पुढे एकोणिसाव्या शतकात पुणे-नाशिक भागातील द्राक्षशेतीची जी वर्णने इंग्रज अंमलदारांनी लिहून ठेवली, त्यांत पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवलेले वेल दिसतात आणि पावसाळी आंबट बहार टाकून माघ-फाल्गुनातील गोड बहारावर भिस्त ठेवण्याची चालही दिसते. भोकरी, फकडी, साहेबी, हबशी या त्या काळच्या जाती. त्या सगळ्या खाण्याच्या. वाइनचा विचार त्यात कोठेच नव्हता.

वाइन मात्र या भूमीला त्याहूनही आधीपासून ठाऊक होती, फक्त ती आयात केलेली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत भडोच बंदरावर उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे, आणि त्यातही इटालियन वाइनला अधिक मागणी असल्याचे म्हटले आहे. त्याच बंदराकडे पैठण आणि तगर या पठारावरील नगरांतून गाड्यांनी माल जात असे, व तगरहून जाणाऱ्या मालात कापड प्रमुख होते. हे तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीपासून फार लांब नाही. नेवाशाच्या उत्खननात दोन मुठींच्या रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. कापड देऊन इटलीची वाइन घेणारा हा प्रदेश दोन हजार वर्षांनी इटलीची वेल घेईल, यात कोणताही अखंड धागा शोधणे भाबडेपणाचे होईल. पण सोलापूरच्या परिसराचा वाइनशी संबंध काल-परवाचा आहे आणि तो परका आहे, असे ठासून सांगणाऱ्यांनी ही नोंद विसरू नये.

सोलापूर जिल्ह्यात द्राक्ष खऱ्या अर्थाने रुजले ते पाटाच्या पाण्यामुळे. नीरेच्या वेळवंडी या उपनदीवर भाटघर येथे इंग्रजी अमलात बांधलेले मोठे धरण 1920 च्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यापर्यंत पोहोचले. त्या पाण्याच्या मागोमाग सासवडकडची माळी मंडळी या ओसाड मुलखात जमिनी घेऊन आली. त्यांनी 1930 च्या दशकाच्या प्रारंभी सासवड माळी शुगर फॅक्टरी उभारली आणि तिच्याभोवती माळीनगर हे गाव वसले. नंतर शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने अकलूज सहकारी साखर कारखानदारीचे केंद्र बनले, आणि 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेच्या दोन्ही तीरांवरील तालुके बागाईत केले. उसाने आणलेल्या या समृद्धीचा द्राक्षाला दुहेरी लाभ झाला : एक तर मांडव, लोखंडी अँगल, तारा आणि औषधे यांचा पहिल्या तीन वर्षांचा खर्च सोसू शकणारा शेतकरी तयार झाला, दुसरे म्हणजे रोपापासून बाजारापर्यंतचा व्यवहार संस्था काढून सांभाळण्याची सवय अंगी मुरली. द्राक्ष हे गरिबाचे पीक कधीच नव्हते, आणि वाइनचे द्राक्ष तर नाहीच नाही.

पुढचा टप्पा थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीचा. पश्चिम आशियात किशमिश किंवा सुलतानिना म्हणून फार पूर्वीपासून माहीत असलेल्या या वेलीला कॅलिफोर्नियातील विल्यम थॉमसन यांचे नाव चिकटले, आणि 1960 नंतर तिने महाराष्ट्रातील जुन्या बियांच्या जाती जवळजवळ हद्दपार केल्या. या स्थित्यंतरात सोलापूरने स्वतःची अशी भर घातली. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज हे गाव माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. द्राक्षाच्या इतिहासात मात्र ते नानासाहेब काळे या शेतकऱ्यामुळे येते. वेलीवर क्वचित एखादी काडी आपोआप बदललेले गुण घेऊन फुटते, तिला कलिकाविकार म्हणतात. काळे यांनी अशा काड्या डोळ्यांत तेल घालून हेरल्या, कलमे करून वाढवल्या आणि थॉमसनपासून लांबट मण्यांची सोनाका, तर किशमिश चोर्नी या काळ्या जातीपासून शरद सीडलेस या दोन जाती निवडल्या. दोन्ही जाती देशभर पसरल्या. विद्यापीठाची प्रयोगशाळा नव्हे, तर शेतकऱ्याची नजर हे नान्नजच्या कामगिरीचे वैशिष्ट्य होते, आणि सोलापूरच्या द्राक्षशेतीचा जो काही अभिमान आहे त्याचे खरे स्थान हेच आहे. गंमत अशी की शरद सीडलेस दिसायला काळीभोर असली, तरी चांगल्या लाल वाइनसाठी हव्या असलेल्या जाड, तुरट सालीच्या आणि बियांच्या छोट्या मण्याशी तिचे नाते नाही. खाणाऱ्याला जे आवडते तेच वाइन करणाऱ्याला नकोसे असते. खाण्याच्या द्राक्षात मणी फुगवण्यासाठी जिबरेलिक आम्लात घड बुडवतात, विरळणी करतात, पाणी मुबलक देतात. वाइनच्या द्राक्षात यातले काहीच चालत नाही, कारण मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त, आणि लाल वाइनचा रंग, वास व तुरटपणा सालीतूनच येतो.

पाण्याने जे दिले त्याची किंमतही वसूल केली. कालव्याखालच्या खोल काळ्या जमिनी क्षारपड होऊ लागल्या, विहिरींचे पाणी खारट होत गेले, आणि स्वतःच्या मुळांवर वाढणारी थॉमसनची वेल त्यात तग धरेना. तेव्हा 1990 च्या दशकापासून डॉगरिज या खुंटावर कलम करण्याची पद्धत पसरली. टेक्सासमधील रानटी द्राक्षवेलीपासून निवडलेला हा खुंट क्षार आणि पाण्याचा ताण दोन्ही सोसतो. युरोपने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन खुंट स्वीकारले ते मुळे कुरतडणाऱ्या फिलोक्सेरा या किडीच्या धास्तीने. महाराष्ट्राने तेच केले खारट पाण्यामुळे. परिणाम मात्र एकच झाला, आणि त्यामुळे पुढे परदेशी वाइनजाती खुंटावर कलम करून लावणे ही येथील शेतकऱ्याला नवलाची गोष्ट राहिली नाही.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात सोलापुरात झाली नाही. ती 1980 च्या दशकात नारायणगावला, शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने केली. फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने तिने फसफसणारी वाइन बनवली आणि पिनो न्वारसारख्या थंड हवेच्या जातीही दख्खनमध्ये आणल्या. राजीव सामंत यांच्या सुला या कंपनीची पहिली वाइन 2000 मध्ये नाशिकहून बाजारात आली. दुसऱ्याच वर्षी, 2001 मध्ये, राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून वाइनला मद्यापेक्षा शेतमाल प्रक्रियेच्या जवळ आणले, राज्यातील द्राक्षांपासून बनलेल्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क आखली. सोलापूरचे नाव त्या आराखड्यात ठळक नव्हते. पुढे भौगोलिक मानांकनाची मोहोरही नाशिक खोऱ्याच्या वाइनवर उमटली. सोलापूरला ती चादरीसाठी, डाळिंबासाठी, मंगळवेढ्याच्या ज्वारीसाठी मिळाली.

अशा पार्श्वभूमीवर 2006-07 च्या सुमारास अकलूजला फ्रातेल्ली वाइन्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात तीन घराण्यांतील भाऊ एकत्र आले : फ्लॉरेन्सचे आंद्रेआ आणि अलेस्सिओ सेच्ची, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि अकलूजचे रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील. त्यांच्या जोडीला टस्कनीतील अनुभवी वाइनतज्ज्ञ पिएरो मासी आले. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव या ठिकाणी सुमारे 240 एकरांवर, युरोपातून आणलेल्या साडेतीन लाखांच्या घरातील कलमांनी मळे उभे राहिले. जागेची निवड सूचक होती. उसाला मानवणारी काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन टाळून मुरमाड, उताराचा, पाण्याचा निचरा करणारा माळ घेतला गेला. स्थानिक शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या गुरे चारण्यापलीकडे ज्याला किंमत दिली नव्हती तोच माळ. दुसरा निर्णय स्वतःच्या मळ्यांचा. नाशिक परिसरात अनेक कंपन्या शेतकऱ्यांशी करार करून द्राक्ष घेत असत, आणि 2008 नंतरच्या मंदीत मागणी ढासळली तेव्हा इंडेजसह अनेकांचे व्यवहार कोलमडून वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक उरले नाही. कित्येकांनी बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. अकलूजला ही झळ तेवढी बसली नाही.

मासी यांनी सोबत आणलेली सांजोव्हेजे ही टस्कनीची मुख्य लाल जात. कियान्ती वाइनचा आत्मा तीच. चेरीसारखा आंबटगोड स्वाद, भरपूर आम्लता, मध्यम रंग आणि काहीसे खरबरीत टॅनिन ही तिची ओळख. टस्कनीत या जातीची कॅबर्ने सोव्हिन्यॉं या फ्रेंच जातीशी गाठ पडली ती दोन वाटांनी, आणि त्यांपैकी एक वाट समुद्राकाठची होती. मारिओ इन्चीझा देल्ला रोक्केत्ता यांनी 1944 मध्ये तिऱ्हेनियन समुद्राजवळील बोल्गेरी येथे कॅबर्ने लावली. तिच्यापासून झालेली सास्सिकाया ही वाइन 1968 च्या पिकापासून बाजारात आली आणि इटलीच्या किनाऱ्यावर मोठ्या दर्जाची लाल वाइन होऊ शकते हे तिने दाखवले. दुसरी वाट आतल्या डोंगरांतली : अंतिनोरी घराण्याने 1970 च्या दशकात तिन्यानेल्लो या वाइनमध्ये सांजोव्हेजेच्या जोडीला पांढऱ्या द्राक्षांऐवजी कॅबर्ने घेऊन कियान्तीचे तेव्हाचे नियम मोडले आणि ती साधी ‘जेवणाची वाइन’ म्हणून विकण्याची नामुष्कीही पत्करली. अकलूजची ‘सेत्ते’ ही लाल वाइन याच कुळातली. तिच्यात सांजोव्हेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉं यांचा मेळ असतो, ती फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवली जाते, आणि तिचे नाव, म्हणजे इटालियन भाषेतील सात हा आकडा, तीन घराण्यांतील सहा भाऊ व मासी यांना उद्देशून आहे. पॅरिसमधील 1976 च्या प्रसिद्ध तुलनात्मक चाचणीत फ्रेंच वाइनसमोर कॅलिफोर्नियाच्या वाइन मांडणारे इंग्रज वाइनव्यापारी व लेखक स्टीव्हन स्परियर हेही नंतर मासींच्या जोडीने अकलूजच्या काही वाइनशी निगडित झाले.

या वाइनचा स्वभाव थंड किनाऱ्याच्या वाइनसारखा आहे काय? प्रामाणिक उत्तर ‘अंशतः’ एवढेच देता येते. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत दिवसाचे तापमान तिशीच्या आसपास आणि रात्रीचे पंधरा-सोळा अंशांच्या घरात असते. दिवस-रात्रीतला हा फरक आम्ल राखायला उपयोगी पडतो, हवा कोरडी असल्याने साल निरोगी राहते, आणि पिकण्याच्या काळात पावसाची भीती युरोपच्या मानाने कमी असते. येथवर पंचांगाने समुद्राची उणीव बरीचशी भरून काढली आहे. परंतु एका बाबतीत ती भरून निघत नाही, आणि दख्खनच्या वाइनवर लिहिताना ही बाब सहसा झाकली जाते. टस्कनीत किंवा सोनोमात द्राक्ष उन्हाळ्यातून शरदाकडे जाताना पिकते, म्हणजे शेवटचे आठवडे दिवसेंदिवस थंड होत जातात. सोलापुरात ते हिवाळ्यातून उन्हाळ्याकडे जाताना पिकते, म्हणजे शेवटचे आठवडे दिवसेंदिवस तापत जातात. एकाच गारव्यातून दोन्हीकडचे द्राक्ष जात असले तरी त्यांची दिशा उलटी आहे. टस्कनीचा मळेवाला टॅनिन पक्व व्हावे म्हणून आणखी आठवडाभर वाट पाहू शकतो. माळशिरसमध्ये फेब्रुवारीच्या उत्तरार्धातील एक आठवडा आम्लतेचा सारा हिशेब बिघडवू शकतो. म्हणूनच येथील सांजोव्हेजे टस्कनीतल्यापेक्षा अधिक पिकल्या, मऊ फळाची वाटते आणि तिचा धारदारपणा थोडा कमी असतो. पिनो न्वारने या पट्ट्यात लाल वाइन म्हणून जम बसवला नाही, तोही याच कारणाने. शिराझ आणि कॅबर्ने या जाड सालीच्या जाती महाराष्ट्रात टिकल्या, कारण त्या तापणाऱ्या शेवटाला तोंड देऊ शकतात.

दोन छाटण्यांची ही युक्ती जगाच्या दुसऱ्या टोकालाही पोहोचली आहे, पण स्वतंत्र मार्गाने. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातील कॉफीच्या डोंगराळ पट्ट्यात उन्हाळा पावसाचा आणि हिवाळा कोरडा असतो. तेथील संशोधकांनी एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी शिराझच्या वेली वर्षातून दोनदा छाटून पीक हिवाळ्यात ढकलले, आणि त्यातून झालेल्या वाइनला ‘हिवाळी वाइन’ म्हणून मानाचे स्थान मिळाले. तेथे ते संशोधनाचे यश ठरले. आपल्याकडे तीच गोष्ट नाशिक-पुण्याच्या माळ्यांची रोजची रीत म्हणून गृहीत धरली गेली, आणि वाइनच्या बाटलीच्या पाठीवरील चिठ्ठीवर टस्कनीचे नाव असते, त्या माळ्यांचे नाही.

समाजाच्या अंगाने पाहिले तर ही वाइन फार अवघड भूमीत जन्मली आहे. जिल्ह्यात पंढरपूर आहे. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी अकलूजला मुक्काम करते, तेथे गोल रिंगण होते, आणि ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरस तालुक्यातूनच पुढे जाते. गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी मद्य वर्ज्य मानतो. त्याच पंढरपूर तालुक्यातील कासेगावसारखी गावे द्राक्षावर नांदतात आणि पंढरपूरच्या बाजार समितीत बेदाण्याचे सौदे होतात, यात कोणाला विसंगती वाटत नाही, कारण वाळवलेले द्राक्ष उपवासालाही चालते. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास मुभा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वारकरी मंडळींपासून अण्णा हजारे यांच्यापर्यंत अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही. शेतकऱ्याच्या हिताचा सरकारी युक्तिवाद अर्धाच खरा होता. महाराष्ट्रातील द्राक्षाचा फार मोठा भाग खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी जातो, वाइनचा वाटा त्यात नगण्य आहे. विरोधकांचा, वाइन या मातीला परकी आहे, हा युक्तिवादही तितकाच अर्धा होता.

माळावर मात्र या वादापेक्षा छाटणीची तारीख अधिक महत्त्वाची असते. पिकण्याचा शेवट उन्हाच्या आत उरकायचा असेल तर सप्टेंबरमध्येच कात्री लावावी लागते. पण परतीचा पाऊस लांबला, तर कोवळी फूट आणि फुलोऱ्यातले घड त्याच्या तावडीत सापडतात व केवडा दोन-तीन रात्रींत पीक नेतो. पाऊस संपण्याची वाट पाहून ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी केली, तर रोगाची धास्ती कमी होते, परंतु मण्यात पाणी उतरण्याची वेळ पुढे सरकते आणि सांजोव्हेजेसारखी उशिरा पिकणारी जात मार्चच्या उन्हात सापडते. गेल्या काही वर्षांत परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये खोलवर शिरू लागल्यामुळे ही दोन टोके एकमेकांच्या जवळ येत चालली आहेत. म्हणून मोठे मळे सगळी छाटणी एकदम न करता गट पाडून पुढे-मागे करतात : लवकर पिकणाऱ्या पांढऱ्या जाती आधी, लाल जाती नंतर, आणि एकाच जातीतही उताराच्या व सपाट तुकड्यांना वेगळ्या तारखा. काढणी पहाटेच्या गारव्यात आटोपली जाते, आणि वेगवेगळ्या तुकड्यांचा रस वेगळा आंबवून मागाहून त्यांचा मेळ घालतात, जेणेकरून लवकर छाटलेल्या तुकड्याची आम्लता उशिरा छाटलेल्याच्या रंगाला आधार देईल.